ओल्या रंगावर दाबलेले पंख

चित्रातल्या गुलाबावरचे फुलपाखरू रंगवलेले नव्हते, दाबलेले होते. अहिल्या सबनीसला हे मंगळवारी, १५ मे २००७ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कळले. पुढच्या दहा मिनिटांत तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढून खिडकीबाहेर पाहिले.

संग्रहालय खासगी होते. कार्ल्सरूहेहून ट्रामने पन्नास मिनिटांवर, द्राक्षमळ्यांच्या एका गावात, कोण्या सिमेंटवाल्याच्या जुन्या बंगल्यात. जुलैत तिथे डच पुष्पचित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. सतराव्या शतकातली नऊ चित्रे आणि सोबत त्या काळच्या निसर्ग-अभ्यासाचे साहित्य, म्हणजे भिंगे, टाचण्या, सुकवलेल्या वनस्पतींच्या वह्या. चित्रांतली फुले, किडे आणि गोगलगायी ओळखायच्या आणि प्रत्येक चित्राशेजारी लावायला सहाशे अक्षरांची पाटी लिहायची, हे अहिल्याचे काम होते. मार्च ते जुलैचा करार.

पुण्यात एका संशोधन संस्थेच्या कीटकसंग्रहात तिने सहा वर्षे काढली होती. हरीशशी लग्न झाले, त्याला कार्ल्सरूहेत सॉफ्टवेअरची नोकरी लागली, आणि त्यानंतरची सात वर्षे तिच्या शिक्षणाचे इथे कोणी काही केले नाही. त्यांतली चार वर्षे तिने एका दुकानात शाम्पूच्या बाटल्या रांगेत लावल्या. करारावर सही करताना संग्रहालयाचे संचालक डॉ. वीगांट म्हणाले होते की प्रदर्शन चांगले झाले तर विश्वस्त मंडळ एक 'हाल्बे श्टेले' मंजूर करील. अर्ध्या वेळेची, पण कायमची नोकरी. हरीश हे दोन शब्द जेवताना रोज एकदा तरी उच्चारी.

चित्र १६६९ सालचे होते. काचेच्या पात्रात एप्रिलचा ट्युलिप, मेमधला आयरिस, जूनचा गुलाब आणि ऑगस्टातले सूर्यफूल. खऱ्या बागेत यांतले पहिले आणि शेवटचे फूल एकमेकांना कधी भेटत नाही. चित्रकार वर्षभर एकेक फूल समोर ठेवून त्याचा अभ्यास कागदावर उतरवी आणि मग सगळी एका पात्रात खोची. सुरुवातीला अहिल्याला ही पद्धत आवडली होती, कारण तिच्या संस्थेतही कपाटे अशीच भरत. पण अडीच महिने रोज भिंगाखाली पाहिल्यावर तिला या गुच्छांची किळस येऊ लागली. एकही पाकळी अशी नव्हती की जिला कोणी तोंड लावलेले नाही. पानांना भोके, भोकांना तपकिरी कडा, कडांवर बुरशी. खाली गोगलगायीने सोडलेल्या चिकट वाटेवर चित्रकाराने गुलाबापेक्षा जास्त कष्ट घेतले होते. कुजणे इतके मन लावून रंगवणाऱ्या माणसाच्या हाती हात द्यावासा तिला वाटला नसता.

फुलपाखरू 'क्लायनर फुक्स' जातीचे होते. छोटा कोल्हा. नारिंगी पंख, काळे ठिपके आणि कडेला निळ्या चंद्रकोरींची माळ. भिंगाखाली नारिंगी भाग कुंचल्याचा नव्हता. ते खरे खवले होते, फुलपाखराच्या पंखावर धुळीसारखे असतात ते, हजारोंनी. चंद्रकोरी मात्र कुंचल्याने रंगवल्या होत्या, आणि अहिल्याला त्याचे कारण माहीत होते. पंख चिकट रंगावर दाबला की खवले पालथे चिकटतात. नारिंगी रंग दोन्ही बाजूंनी नारिंगीच दिसतो; निळा फक्त वरच्या बाजूने निळा दिसतो, पालथा पडला की मातकट होतो. चित्रकाराने ते पाहिले असणार आणि निळा वरून लावला असणार.

इथपर्यंत तिला आनंदच झाला होता. मग तिने चित्र किंचित डावीकडे सरकवले.

पुढच्या डाव्या पंखाच्या टोकाशी खवले पसरले होते. एकाबाहेर एक अशा तीन कमानी. त्यांच्याखाली, जिथे पोट कुंचल्याने नंतर रंगवले होते, तिथे रंगात अडकलेले काहीतरी केसासारखे होते. त्याला दोन नख्या होत्या.

"हात घसरला असेल," चित्रांची डागडुजी करणाऱ्या फ्राऊ लुत्स म्हणाल्या. सूक्ष्मदर्शक त्यांचा होता.

"हात घसरला तर रेघा एका दिशेने जातात. या गोल आहेत. तिन्हींचा मध्य एकच आहे, पंख अंगाला जिथे जोडलेला असतो तो."

फ्राऊ लुत्सनी पुन्हा पाहिले. बराच वेळ.

"म्हणजे ते फडफडलं."

"तीनदा. आणि पाय रोवला."

"छी," फ्राऊ लुत्स म्हणाल्या, आणि हे जर्मनमध्ये त्यांनी जसे म्हटले त्याला मराठीत दुसरा शब्द नाही.

पाटीच्या सहाशे अक्षरांत अहिल्याने शेवटचे वाक्य असे लिहिले: 'कीटक ओल्या रंगावर दाबला तेव्हा जिवंत होता.' शुक्रवारी पाटी परत आली. वाक्यावर हिरव्या पेन्सिलीची रेघ होती आणि वर लिहिले होते: 'कलावंताने फुलपाखराला प्रेमाने चिरंतन केले.'

डॉ. वीगांट अठ्ठावन्न वर्षांचे होते. तागाचे जाकीट, बारीक चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची सवय. अहिल्या अलीकडे त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभी राही.

"आल्झो, हे बघा, फ्राऊ सबनीस. लोक रविवारी इथे फुलं बघायला येतात. केक खायच्या आधी."

"पण ते प्रेमाने नव्हतं."

"तुम्ही तिथे होतात?"

"कमानी आहेत."

"कमानी आहेत, गेनाऊ, अगदी बरोबर. त्या फडफडण्याच्या आहेत हे तुमचं अनुमान. तुम्ही कधी जिवंत फुलपाखरू रंगावर दाबून पाहिलंय?"

"नाही."

"मग?"

जुन्या संस्थेतही अहिल्याला हाच प्रश्न विचारला असता.

"उलट एक छान कल्पना आहे," डॉ. वीगांट म्हणाले. "उद्घाटनाला तुम्ही हे तंत्र करून दाखवा. अर्थात नीट. आधी मारून. विश्वस्त मंडळावर अकरा जण आहेत, प्रत्येकाला एकेक छाप भेट द्यायचा. मग मंडळ बैठकीला बसेल. बैठकीत तुमचा विषय आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मारता येतं ना तुम्हाला?"

येत होते. पंख पाठीवर मिटलेले असताना अंगठा आणि तर्जनीने छाती दाबायची. एक बारीक कट् असे जाणवते. संस्थेत तिने हे किती हजार वेळा केले असेल त्याची नोंद नव्हती, आणि कधी काही वाटलेही नव्हते. ती हो म्हणाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिने आल्प नदीच्या काठच्या खाजकुइलीसारख्या झुडपांवरून अळ्यांचे दोन घोस आणले. याच सुमाराला तिची सासू मनोरमाबाई तीन महिन्यांसाठी मिरजेहून आल्या होत्या. एकतीस वर्षे त्यांनी सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काम केले होते, त्यांतली एकोणीस ऑपरेशन थिएटरात. रक्त, पू, कापलेले पाय यांविषयी त्या जेवताना बोलू शकत, आणि हरीश त्यांना थांबवी.

"अगं अहिल्या, हे काय आणलंस?"

"अळ्या आहेत, आई. कामासाठी."

"फ्लॉवरमधल्या अळ्या मी मिठाच्या पाण्यात बुडवून मारते. तू पाळणार?" त्यांनी बाल्कनीतल्या काचेच्या पेटीत डोकावून पाहिले. काळ्या, काटेरी, एकमेकींवर चढलेल्या तीसेक अळ्या पान खात होत्या. खालच्या कागदावर त्यांची लेंडकी पडत होती. "इथल्या फ्लॉवरात एक अळी निघत नाही. मला तर खायची भीती वाटते."

पण पाच दिवसांत ओव्हनचे जाड हातमोजे घालून पेटीतली पाने बदलायला त्याच जाऊ लागल्या. दिवसभर घरात दुसरे काही नव्हते, आणि टीव्ही जर्मन होता. अळ्यांनी पेटीच्या झाकणाला उलटे टांगून घेतले आणि कोष केले, तेव्हा त्यांनी हरीशला ऑफिसात फोन करून सांगितले.

हरीशने एक्सेलमध्ये तक्ता केला. उद्घाटन रविवारी ८ जुलैला, सकाळी अकरा वाजता. फुलपाखरे शनिवारी संध्याकाळी बाहेर यायला हवीत, म्हणजे रात्रभरात पंख घट्ट होतील. कोष थंड ठेवले की बाहेर येणे लांबते. म्हणून सगळ्यांत चांगले बारा कोष त्याने डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायला लावले, आठ अंशांवर, शुक्रवारी सकाळपर्यंत. कोथिंबिरीशेजारी.

"मी थिएटरात असताना आम्ही रक्ताच्या पिशव्या ठेवायचो अशा," मनोरमाबाई म्हणाल्या, "पण त्या फ्रिजात आम्ही दही लावत नव्हतो."

"आई, चार दिवसांचा प्रश्न आहे," हरीश म्हणाला. "हिच्या श्टेलेचा प्रश्न आहे."

"माझी ना नाही. मी फक्त सांगते."

दही आंबट होत होते. बुधवारी मनोरमाबाईंनी फ्रिजच्या थंडाव्याचा आकडा दोनवरून पाचवर नेला, म्हणजे फ्रिज आणखी थंड केला, आणि त्याविषयी कोणाला सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही. शनिवारी संध्याकाळी एकही कोष उघडला नाही. हरीशने तक्ता दोनदा तपासला. त्यानंतर त्याने फ्रिज तपासला.

"आई, हा पाच कुणी केला?"

"दही," मनोरमाबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी सहाच्या ट्रामने अहिल्या डबा मांडीवर घेऊन निघाली. मनोरमाबाई सोबत होत्या; चूक आपली आहे, तेव्हा डबा धरायला तरी येते, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी निळी नारायणपेठ नेसली होती. अहिल्याने डब्यावर दोन्ही तळवे ठेवले होते, ऊब मिळावी म्हणून.

ऊब पुरली. साडेसात ते नऊ यांदरम्यान संग्रहालयाच्या मागच्या खोलीत अकरा फुलपाखरे बाहेर आली, जाळीवर चढली, पंख भरून घेतले. प्रत्येकाने कागदावर लाल थेंब टाकले.

"हे रक्त नाही," मनोरमाबाई वाकून म्हणाल्या. त्या ओळखत होत्या.

"नाही. कोषात असताना साठलेली घाण असते. बाहेर आलं की टाकतात."

"बाळसुद्धा टाकतं पहिल्या दिवशी. काळी असते त्याची."

बारावे दहा वाजून दहा मिनिटांनी आले. त्याचे पंख भरले, पण कागद कोरडाच राहिला.

दिवाणखान्यात सत्तरेक माणसे होती. कार्यक्रमासाठी डॉ. वीगांट यांनी चित्रातला गुच्छ खऱ्या फुलांचा करून घेतला होता. शीतगृहातून आणलेले ट्युलिप, कुठल्या तरी हरितगृहातले सूर्यफूल. सगळे ऋतू गुरुवारपासून एका पात्रात उभे होते आणि पात्रातले पाणी हिरवे झाले होते. त्याचा वास बिनबोभाट सगळीकडे पसरला होता, आणि त्यात शेजारच्या टेबलावरच्या माशांच्या आणि कच्च्या मांसाच्या तुकड्यांचा वास मिसळत होता. लोक एका हाताने ते तुकडे खात होते आणि दुसऱ्या हाताने चित्रांकडे बोट करत होते. एका माणसाच्या ओठाला यकृताची पेस्ट लागलेली होती, आणि तो गुलाब किती ताजा वाटतो हे आपल्या बायकोला सांगत होता.

"फुलदाणीचं पाणी आम्ही वॉर्डात रोज बदलायचो," पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून मनोरमाबाई म्हणाल्या. त्या वाक्याचे भाषांतर कोणी मागितले नाही.

अहिल्याने काम सुरू केले. चिमटा, पातळ गोंद, जाड कागद, चमच्याची पाठ. फुलपाखरू जाळीवरून घ्यायचे, छाती दाबायची, पंख कात्रीने वेगळे करायचे, गोंदावर ठेवायचे, चमच्याच्या पाठीने घासायचे, पंख उचलायचा. पंख उचलला की हातात पारदर्शक पापुद्रा राहतो आणि कागदावर फुलपाखरू. चौथ्या छापानंतर बायका 'आह' करायच्या थांबल्या आणि घड्याळाकडे पाहू लागल्या. अकरावा छाप अकरा पस्तीसला झाला. अकराही स्वच्छ होते. एकातही पसरलेला खवला नव्हता.

मंडळाच्या सदस्यांनी आपापले कागद घेतले. एका गृहस्थांनी आपला कागद उष्ट्या बशीखाली ठेवला.

मंडळाच्या अध्यक्ष फ्राऊ रीटम्युलर सत्तरीच्या होत्या. क्रीम रंगाचा सूट, पांढरे आखूड केस. त्यांनी छाप हातात धरून मूळ चित्राजवळ नेला, चष्मा बदलला आणि वाकून पाहिले.

"माझा तुमच्यापेक्षा चांगला आहे," त्या चित्राला म्हणाल्या. लोक हसले. मग त्या अहिल्याकडे वळल्या. "इथे टोकाला काय झालंय?"

डॉ. वीगांट अहिल्याच्या कोपराजवळ आले. पाटी भिंतीवर होतीच. 'प्रेमाने' हा शब्द शेवटच्या ओळीत होता.

अहिल्याला वाटले की आता नोकरी गेली. खरे सांगितले तर या माणसांना किळस येईल, ती किळस चित्रावर, प्रदर्शनावर आणि शेवटी तिच्यावर येईल. हा हिशेब तिने मे महिन्यापासून अनेकदा केला होता, आणि दर वेळी उत्तर तेच आले होते.

"ते फुलपाखरू जिवंत होतं," ती म्हणाली. "रंगावर दाबल्यावर त्याने तीनदा पंख हलवला. त्या तीन कमानी आहेत. खाली त्याचा एक पायही अडकलाय. भिंगातून दिसतो."

खोलीत क्षणभर कोणी चावले नाही.

"खरंच?" फ्राऊ रीटम्युलर म्हणाल्या. "वीगांट, हे पाटीवर का नाही?"

आणि मग रांग लागली. सत्तरातली निदान पन्नास माणसे भिंग मागू लागली. पाऊण तासात पहिल्यांदा ती चित्राच्या इतक्या जवळ गेली होती. 'पाय दिसतोय, बघ, पाय,' असे एक बाई नवऱ्याला सांगत होती. तिच्या आवाजात गुदगुल्या होत्या. अहिल्या टेबलामागे उभी राहून हे बघत होती, आणि तिच्या लक्षात आले की तिचा हिशेब चुकला होता. किळस फक्त तिलाच येत होती.

"पण हे सिद्ध झालंय का?" बशीवाल्या गृहस्थांनी विचारले. ते निवृत्त रसायनशास्त्रज्ञ होते.

"नाही," डॉ. वीगांट आता उत्साहाने म्हणाले. "जिवंत फुलपाखरावर प्रयोग करावा लागेल. आणि आपल्याकडे," त्यांनी जाळीकडे हात केला, "एक शिल्लक आहे."

सगळे जाळीकडे वळले. बारावे फुलपाखरू पंख उघडून बसले होते.

"फ्राऊ सबनीस," फ्राऊ रीटम्युलर म्हणाल्या, "दाखवता?"

"नाही," अहिल्या म्हणाली.

"अकरा तर केलेत."

"ते मारून केले."

"मारलेतच ना?" हे रसायनशास्त्रज्ञांनी विचारले. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते.

डॉ. वीगांट यांनी जाकिटाच्या बाह्या वर केल्या. त्यांनी कागदाला जाड गोंद लावला, जाळीतून फुलपाखरू उचलले, अनाडी माणूस उचलतो तसे, पंखांना धरून. बोटांना नारिंगी धूळ लागली. त्यांनी ते उलटे केले आणि पाठ गोंदावर टेकवून तळव्याने दाबले.

फुलपाखराने साठवलेले सगळे एकदम सोडले. लाल पाणी त्यांच्या मनगटावर उडाले, पांढऱ्या बाहीवर, आणि दोन थेंब क्रीम रंगाच्या सुटावर. एक बाई ओरडली. कोणीतरी 'रक्त' म्हणाले. डॉ. वीगांट यांनी हात झटकन काढला आणि कागद सगळ्यांना दिसला. फुलपाखराचा उजवा पंख पूर्ण चिकटला होता. डावा सुटला होता. तो उचलला गेला, आपटला, थांबला. पुन्हा उचलला गेला. खवले गोंदावर पसरत होते.

फ्राऊ रीटम्युलरनी डागाकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि डाग विसरल्या. कोणीतरी फोटो काढला. फ्लॅशचा. मग बरेच फ्लॅश.

अहिल्या पुढे झाली. तिने खिशातून धातूची छोटी मोजपट्टी काढली आणि कागदावर वाकली. तीन कमानी होत्या. मध्य एकच. पहिली चार मिलिमीटर, दुसरी साडेतीन, तिसरी तीन. मूळ चित्रात चार, चार आणि तीन. तिने आकडे वहीत लिहिले, वेळ लिहिली, अकरा बावन्न.

"अगं," पहिल्या रांगेतून मनोरमाबाई म्हणाल्या. "ते अजून जिवंत आहे."

अहिल्याने मोजपट्टी ठेवली. तिने दोन बोटांनी छाती दाबली. कट्.

टाळ्या वाजल्या. कशासाठी, हे तिला कळले नाही.

मंडळाची बैठक शेजारच्या खोलीत पंचवीस मिनिटे चालली. डॉ. वीगांट स्वतः कागद घेऊन बाहेर आले. बाही धुऊन ओली केलेली होती, डाग गुलाबी झाला होता. अर्ध्या वेळेची नोकरी, १ सप्टेंबरपासून, कायमची. पाटीवर तिचे मूळ वाक्य परत येणार होते, तिच्या नावासकट. कामाच्या यादीत पाचवे कलम असे होते: प्रदर्शन चालू असेपर्यंत दर रविवारी, दुपारी तीन वाजता, प्रयोगाचे प्रात्यक्षिक.

"मारून?" अहिल्याने विचारले.

"मारून कोण बघणार? तुम्ही आज पाहिलंत ना." त्यांनी कोपराला हात लावला. "आणि तुमच्या हातून स्वच्छ होईल. माझ्यासारखं ओंगळ नाही."

"पाचवं कलम काढता येईल?"

"फ्राऊ रीटम्युलरना पाचव्या कलमासाठीच बाकीची चार मान्य आहेत."

सहीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. अहिल्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मागे काही नव्हते. तिने तो टेबलावर ठेवला, खाली सांडलेल्या सेक्ट वाइनपासून जरा दूर, म्हणजे भिजणार नाही.

"नाइन," ती नकार देत म्हणाली. "डांके."

मागच्या खोलीत फ्राऊ लुत्स कोट घालत होत्या. अहिल्याने वहीतले आकडे त्यांना दिले. त्यांनी चित्राच्या तपासणीची फाइल काढली आणि ते उतरवून घेतले: जिवंत दाबले, ८ जुलै २००७ रोजी प्रयोगाने सिद्ध. दोघींनी सह्या केल्या. फाइल कपाटात गेली.

"आता तरी खात्री झाली," फ्राऊ लुत्स म्हणाल्या. अहिल्याला बरे वाटावे असे काहीतरी त्यांना बोलायचे होते.

दीडच्या ट्राममध्ये गर्दी नव्हती. मनोरमाबाई खिडकीशी बसल्या. रिकामा डबा त्यांच्या मांडीवर होता. द्राक्षमळे मागे पडले.

"नोकरी दिली नाही का?"

"दिली. मी घेतली नाही."

"हं. त्या माणसाला काय करायचं होतं?"

"दर रविवारी तसंच. लोकांसमोर."

"थिएटरात आम्ही बाहेरचं माणूस उभं करत नव्हतो. मंत्र्याचा पोरगा आला होता एकदा बघायला. डॉक्टरांनी हाकलला." त्यांनी डब्याचे झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले. "घेतली नाहीस ते बरं केलंस. हरीशला मी सांगते. दह्याचंही पुन्हा सांगते."

अहिल्याने मान हलवली. तिच्या अंगठ्याच्या रेषांत नारिंगी धूळ भरली होती. तिने तो रुमालाने पुसला. धूळ रेषांत आणखी आत गेली.

"किती भरलं?" मनोरमाबाईंनी विचारले.

"काय?"

"मोजत होतीस ते."

"चार मिलिमीटर. साडेतीन. तीन."

"आणि वेळ किती लागला मोजायला?"

अहिल्याने आठवून पाहिले. तीन कमानी, तीन वेळा पट्टी लावणे, आकडे, घड्याळ.

"अर्धा मिनिट," ती म्हणाली. "थोडा जास्त."

मनोरमाबाईंनी बाहेर पाहिले. दोन थांबे गेले. एक म्हातारा सायकल घेऊन चढला, उतरला.

"आम्ही भूल आधी देत होतो," त्या म्हणाल्या. "मोजामोज नंतर."

त्यांनी डबा अहिल्याच्या मांडीवर ठेवला आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. अहिल्याने अंगठा पुढे केला. त्यांनी त्यावर थोडे पाणी ओतले, पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि तिचा अंगठा रेषेरेषेतून घासायला सुरुवात केली, ऑपरेशनआधी हात घासतात तसा, नखापासून मनगटापर्यंत. निळ्या पदरावर नारिंगी उतरत होते. कार्ल्सरूहे यायला अजून वीस मिनिटे होती, आणि त्या थांबल्या नाहीत.